नगराचा नकाशा आणि नागरिकांची हरकत

विकास आराखड्याची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या शेजारी प्रसिद्ध होते. शहराचा पुढील वीस वर्षांचा नकाशा तयार झाला असून तो अमुक कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, अमुक तारखेपर्यंत पाहावयास ठेवला आहे. ज्यांच्या काही हरकती अथवा सूचना असतील त्यांनी त्या लेखी सादर कराव्यात, असा तिचा मजकूर असतो. एवढे झाले की कायद्याच्या दृष्टीने लोकांना विचारल्यासारखे होते. व्यवहारात तो नकाशा पाहावयास जातात ते ज्यांची जमीन आरक्षणाखाली आली आहे असे जमीनमालक, जमिनीचा धंदा करणारे आणि या दोघांचे वकील व वास्तुविशारद. भाड्याच्या घरात राहणारा शिक्षक, कर्ज काढून लहानसा प्लॉट घेतलेला लिपिक, वसतिगृहात राहून शिकणारा विद्यार्थी यांच्यापर्यंत ती नोटीस पोहोचतच नाही. आपल्या वस्तीतून रुंद रस्ता जाणार आहे, किंवा मुले खेळतात त्या मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहणार आहे, हे त्यांना कळते ते मोजणीदार दारात येऊन उभा राहिल्यावर.

संगणक आणि मोबाइल यांमुळे ही परिस्थिती बदलता येईल काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे. नकाशा आता भिंतीवर टांगून ठेवण्याचे कारण उरलेले नाही. उपग्रहाच्या छायाचित्रावर गट क्रमांकांच्या रेषा चढवून तो घरोघरी पोहोचवता येतो. नागरिक त्यातील नेमक्या ठिकाणी बोट ठेवून आपली हरकत नोंदवू शकतो. ती हरकत इतरांना वाचता येते. ही सोय तंत्रज्ञांच्या दृष्टीने जुनी झाली आहे. प्रश्न तंत्राचा नसून ते तंत्र कोणत्या टप्प्यावर, कोणत्या भाषेत आणि कोणत्या बंधनासह वापरावयाचे याचा आहे. जळगाव आणि धुळे या दोन शहरांच्या संदर्भात तो तपासून पाहण्यासारखा आहे.

एक आखलेले शहर, एक वाढलेले शहर

धुळ्याच्या रहिवाशाला नगररचना म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पेशवाईच्या अस्तानंतर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्याने १८१९ साली धुळे हे आपले ठाणे म्हणून निवडले आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. सरळ, रुंद रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हा त्या आखणीचा वारसा आजही डोळ्यांना दिसतो. बाहेरून व्यापारी व कारागीर आणून तेथे वसवण्यात आले. आखणी चांगली होती याबद्दल वाद नाही. पण ती एका अधिकाऱ्याने केली आणि लोक तिच्यात येऊन राहिले. नगराची आखणी वरून व्हावयाची आणि रहिवाशांनी ती स्वीकारावयाची, ही रीत येथे अशी दोनशे वर्षांची जुनी आहे.

जळगावची गोष्ट वेगळी. रेल्वे, कापूस, केळी आणि सोने यांच्या बळावर हे शहर वाढले. १८६४ साली तेथे नगरपालिका झाली आणि २००३ साली जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. त्यानंतर दोन्ही शहरांच्या कडेची काळी जमीन झपाट्याने बिनशेती होत गेली आहे. शेताचे प्लॉट पडतात, प्लॉट विकले जातात, घरे उभी राहतात. रस्ता, गटार आणि पाणी मागाहून येते. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी असा नियम आहे; पण त्या खुल्या जागेचे पुढे काय झाले, ती कोणाच्या ताब्यात आहे, हे त्या कॉलनीत राहणाऱ्या माणसालाही सांगता येत नाही.

या अनभिज्ञतेची किंमत दोन्ही शहरांनी मोजली आहे. जळगावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग एकेकाळी गावाबाहेर होता. शहर त्याच्या दोन्ही बाजूंना पसरले आणि शाळा-महाविद्यालयात जाणारी मुले मालमोटारींच्या गर्दीतून सायकली हाकू लागली. महामार्गालगत समांतर रस्ते हवेत, या मागणीसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे अपघातांची मोजदाद करीत रस्त्यावर उतरावे लागले. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले, तेव्हा नदीचे पात्र, पूररेषा आणि काठावरची देवस्थाने यांवरून मोठा वाद माजला. रस्ते योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. बांधकाम सुरू होण्यापूर्वी सर्वांना सारखा दिसेल असा एक नकाशा समोर असता, तर वाद निदान वस्तुस्थितीवर झाला असता.

जळगावच्या घरकुल प्रकरणाने तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. गरिबांसाठी हजारो घरे बांधण्याची ती योजना. जमिनींची निवड, परवानग्या आणि पैशाचा व्यवहार या सर्वांवर तीत आक्षेप आले आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली. तो भाग न्यायालयाचा. नागरिकांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट इतकीच की, ज्या जागांवर घरे बांधावयाची त्यांचे सर्व्हे नंबर, मालकी आणि आराखड्यातील वापर हा तपशील सुरुवातीसच लोकांसमोर असता, तर पहिला प्रश्न एखाद्या सामान्य रहिवाशानेच विचारला असता. त्या काळातील कर्जाचे ओझे शहराने पुढे दीर्घकाळ वाहिले.

फडाची आठवण

जमिनीचा निर्णय एकत्र बसून घेणे खानदेशाला परके आहे, असे मात्र कोणी समजू नये. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, अशी तिची रचना. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्या फडात गहू आणि पाणी कमी असल्यास कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवावयाचे. पाण्याची वाटणी पाहण्यास पाटकरी व हवालदार, पिकाची राखण करण्यास जागल्या. प्रत्येक खातेदाराची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय झाला तर त्याची झळ सर्वांनाच थोडीथोडी बसे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. जमीन नसलेल्या मजुराला त्या बैठकीत स्थान नव्हते आणि स्त्रियांनाही नव्हते. विहिरी वाढल्या आणि मोठी धरणे आली तेव्हा ती पद्धत बहुतेक ठिकाणी मोडकळीसही आली. परंतु तिच्यातील दोन गोष्टी आजच्या नगररचनेने शिकण्यासारख्या आहेत. निर्णय हंगामापूर्वी होत असे. बी पेरल्यावर हरकती मागवीत नसत. आणि निर्णय घेणाऱ्याला त्याचे परिणाम भोगावे लागत असत. आपल्या विकास आराखड्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. आराखडा तयार झाल्यावर हरकती मागवल्या जातात आणि तो तयार करणारा अधिकारी तोपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले जंगल राखले, त्यासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या कामाच्या मुळाशीही गावाने आधी बसून नियम ठरवणे आणि ते स्वतःवर लागू करणे हेच होते. तेव्हा लोकांना जमिनीचे कळत नाही, हा आक्षेप तरी खानदेशात टिकणारा नाही.

कायदा काय देतो?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्यानुसार आराखडा करण्याचा इरादा जाहीर करावयाचा, विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करावयाचा, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवावयाच्या, नियोजन समितीने सुनावणी घ्यावयाची आणि शेवटी शासनाने मंजुरी द्यावयाची, असा क्रम आहे. कागदावर ही रचना वाईट नाही. पण हरकतीसाठी मिळते ती मुदत महिना-दोन महिन्यांची. वीस वर्षांचा नकाशा समजून घेण्यास नोकरदार माणसाला त्यातले चार-पाच रविवार मिळतात आणि रविवारी कार्यालय बंद असते. आपल्या जमिनीपुरता भाग नकाशा आणि झोन दाखला हवा असल्यास अर्ज, शुल्क आणि हेलपाटे.

याशिवाय आराखडा मंजूर झाला म्हणजे तो स्थिर झाला असेही नाही. अधिनियमाच्या कलम ३७ खाली त्यात फेरबदल करता येतात. एखादे मैदानाचे आरक्षण उठते, एखादा हरित पट्टा निवासी होतो. त्याचीही नोटीस निघते आणि तीही तशीच आतल्या पानावर. आरक्षित जमीन महापालिकेने दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते आणि ठरावीक अवधीत संपादन न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. पैशाच्या ओढगस्तीत असलेल्या महापालिकांच्या बाबतीत असे होत राहिले, तर शाळेची, बागेची, दवाखान्याची जागा कोणत्या दिवशी हातची गेली, हे त्या भागातील रहिवाशांना कळण्याची कोणतीच सोय नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे त्या मर्यादेच्या वर आहेत. पुढे २००९ साली राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला ग्रामसभा असते तशी शहरातील मतदारांची सभा असावी, ही त्यामागील कल्पना. ही तरतूद राज्यभर कागदावरच राहिली. त्यातच २०२३ साली दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि सुमारे दोन वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. ज्या काळात नगरसेवकही नव्हता त्या काळात क्षेत्रसभेची आठवण कोणाला होणार?

इतरत्र काय घडले?

मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. तो संकेतस्थळावर होता. त्यामुळे वास्तुविशारद, विद्यार्थी, गृहनिर्माण संस्था अशा सर्वांनी तो आपापल्या घरी बसून तपासला. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, वारसा वास्तूंच्या चुकीच्या नोंदी, देवळे-चर्चच्या जागी भलतेच काही, अशा चुकांचा ढीग बाहेर पडला आणि हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा पुन्हा करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. या चुकांपैकी पुष्कळशा विद्यमान भूवापराच्या नकाशातच होत्या आणि नागरिक संघटनांनी त्या आधीच दाखवून दिल्या होत्या. त्या वेळी ऐकले असते तर वर्षे आणि पैसा दोन्ही वाचले असते.

पुण्यात २०१३ साली जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. नियोजन समितीने सुनावण्या घेतल्या. समितीत एकमत झाले नाही. मुदत टळली आणि २०१५ साली शासनाने आराखडा स्वतःच्या हाती घेतला. इतक्या हरकती आल्या, यावरून लोक उदासीन नाहीत हे सिद्ध होते. परंतु हरकत स्वीकारणे आणि हरकतीवर निर्णय देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणक पहिले काम कितीही सोपे करील. दुसरे त्याच्या हातचे नाही.

गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०११ चा प्रादेशिक आराखडा म्हणून जो नकाशा २००६ साली अधिसूचित झाला, त्यात शेती व डोंगरउतार वस्तीसाठी खुले केल्याचे लोकांच्या ध्यानी आले. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारखे जाणकार असलेले कृतिदल नेमले गेले आणि गावागावांचे नकाशे ग्रामपंचायतींकडे धाडून लोकांच्या सूचना घेण्यात आल्या. ओढे, तळी, देवराया, चढाव यांची माहिती गावकऱ्यांनी नकाशावर भरली. इतके करूनही २०१२ साली नव्या सरकारने तो आराखडा स्थगित ठेवला. लोकांनी आखलेला नकाशाही कायद्याचे कवच नसेल तर एका आदेशाने बाजूला पडतो, हा त्यातील धडा.

दिल्लीच्या २०४१ च्या बृहत् आराखड्याचा मसुदा २०२१ च्या जूनमध्ये, साथीच्या काळात, संकेतस्थळावर आला. सुमारे ३३ हजार हरकती आल्या आणि सुनावण्याही ऑनलाइन झाल्या. दूरच्या वस्तीतील माणसाला दिवसाची मजुरी न बुडवता आपले म्हणणे मांडता येते, हे त्यातून दिसले. स्पेनमधील माद्रिद शहराने तर २०१७ साली शहरातील एका मुख्य चौकाची पुनर्रचना कशी व्हावी, हे नागरिकांच्या मतदानाने ठरवले. तेथे पर्यायी आराखडे आधी मांडले गेले आणि मग लोकांनी निवड केली. आपल्याकडे लोकांसमोर पर्याय कधीच नसतात. एक नकाशा असतो आणि त्याला हरकत असते.

साधनांच्या मर्यादा

खानदेशात ऑनलाइन साधनांचा अनुभव अगदीच नवा नाही. सातबारा उतारा आता संगणकावर मिळतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र व नोंद करतो. जी नोंद पिढ्यानपिढ्या तलाठ्याची होती ती शासनाने शेतकऱ्याच्या हाती दिली, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या शेतात काय उभे आहे हे सांगण्यास जर शेतकरी पात्र असेल, तर आपल्या गल्लीत काय उभे आहे हे सांगण्यास नागरिक अपात्र कसा? मात्र याच प्रयोगात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर नेटवर्क मिळेना, वयस्कर खातेदारांना मोबाइल चालवता येईना, मुदती वाढवाव्या लागल्या आणि पुढे गावपातळीवर सहायक नेमावे लागले. साधन दिले म्हणजे सहभाग मिळाला, असे होत नाही. साधनाशेजारी एक माणूस बसवावा लागतो.

दुसरी मर्यादा उपग्रहाच्या नजरेची. शेजारच्या गुजरातेत नर्मदा जिल्ह्यातील आदिवासींच्या वनहक्क दाव्यांत उपग्रह छायाचित्रे व जीपीएस मोजणी यांचा चांगला उपयोग झाला. कसलेली जमीन नकाशावर दाखवता आली. पण केवळ छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, इतर पुरावेही पाहिले पाहिजेत, असे गुजरात उच्च न्यायालयाला २०१३ साली सांगावे लागले. शहरातही तेच आहे. झाडाखालची शाळा, आठवड्याचा बाजार, गुरांचा रस्ता, दफनभूमीची पायवाट या गोष्टी वरून दिसत नाहीत. त्या तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतात.

तिसरी अडचण भाषेची. २०२० साली पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने इंग्रजी व हिंदीत काढला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपले नकाशे मराठीत असतात खरे. पण ‘व्यपगत’, ‘समावेशक आरक्षण’, ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ ही मराठी वाचून पदवीधरही थबकतो. मग अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्याने काय करावे? नकाशा समजावून सांगणारी पाच मिनिटांची अहिराणी ध्वनिफीत शंभर पानांच्या अहवालापेक्षा अधिक काम करील.

आणि शेवटी एक धोका असा की, ज्याच्याजवळ साधन आहे त्याचाच आवाज मोठा होतो. एका मजकुराच्या हजार हरकती एका रात्रीत पाठवता येतात. जमिनीचा व्यापारी ते सहज करू शकतो. त्यामुळे हरकतींची संख्या मोजून निर्णय घेणे घातक ठरेल. एका विधवेची एका विहिरीबद्दलची एकच हरकतही तेवढ्याच काळजीने वाचली गेली पाहिजे.

काय करता येईल?

तेव्हा नुसते संकेतस्थळ काढा, ही मागणी अपुरी आहे. पहिली मागणी अशी असावी की, प्रारूप आराखड्याच्या आधी, विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होत असतानाच तो लोकांसमोर यावा आणि त्यातील चुका दुरुस्त करण्याची संधी मिळावी. मुंबईचा धडा हाच आहे. या कामी शाळा-महाविद्यालयांचा उपयोग होऊ शकतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत भूगोलाचे आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. एका प्रभागातील खुल्या जागा, नाले आणि शाळा प्रत्यक्ष फिरून नकाशावर टिपणे हे त्यांच्यासाठी उत्तम प्रात्यक्षिक होईल आणि महापालिकेला फुकटची पडताळणी मिळेल.

दुसरी मागणी उत्तराची. प्रत्येक हरकतीला क्रमांक मिळावा, ती सर्वांना वाचता यावी आणि तिच्यावर काय निर्णय झाला व का झाला, हे दोन ओळींत त्याच जागी प्रसिद्ध व्हावे. हरकतदाराचा पत्ता किंवा दूरध्वनी मात्र जाहीर होता कामा नये. बड्या माणसाविरुद्ध हरकत घेणाऱ्याला संरक्षण हवे. माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. त्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती प्रशासनाने अर्जाची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. म्हणजे या मागणीस नव्या कायद्याचीही गरज नाही.

तिसरी मागणी फेरबदलांची. आरक्षण उठवण्याचा किंवा व्यपगत होण्याचा प्रत्येक प्रस्ताव त्या परिसरातील रहिवाशांना लघुसंदेशाने कळवता येतो. वीजबिलाची आणि गॅसची सूचना मोबाइलवर येते; मग घरासमोरचे मैदान जात असल्याची का येऊ नये?

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, मागणी माणसांनी एकत्र बसण्याची. प्रत्येक प्रभागात मुदतीच्या काळात निदान दोन रविवारी शाळेच्या सभागृहात नकाशा पडद्यावर दाखवून क्षेत्रसभा व्हावी, तेथे नगररचना विभागाचा अधिकारी उत्तरे देण्यास हजर असावा आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हरकती तेथेच लिहून घेतल्या जाव्यात. या कामाचा भार अर्थातच लिपिकवर्गावर पडेल. आजही हरकतींचे गठ्ठे बांधण्याचे काम तोच करतो आणि लोकांचा राग काउंटरवर त्यालाच सोसावा लागतो. नोंद आपोआप होणार असेल, तर त्याचा वेळ माणसाला समजावून सांगण्याकडे लावता येईल. त्यासाठी त्याला प्रशिक्षण आणि अधिकार दोन्ही दिले पाहिजेत.

हे सारे शहरापुरते नाही. २०१८ च्या जानेवारीत शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला अपुरा होता आणि जमिनीवरील झाडांची नोंद मूल्यांकनात नीट झाली नव्हती, अशी त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते वर्षानुवर्षे कार्यालये फिरले. एखाद्या संकेतस्थळाने त्यांचा प्राण वाचला असता, असे म्हणणे उथळपणाचे होईल. पण पंचनाम्यात कोणाच्या शेतातील किती झाडे धरली, हे साऱ्या गावाला त्याच दिवशी दिसले असते, तर एका माणसाला ते एकट्याने सिद्ध करीत फिरावे लागले नसते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे. हा मार्ग धुळे जिल्ह्यातून जातो. मोजण्या होतील, पंचनामे होतील, मोबदले ठरतील. त्या नोंदी गावागावांत उघड ठेवावयाच्या की फायलीत, हे शासनाने आताच ठरवावे. धुळे आणि जळगावच्या नागरिकांनीही पुढच्या नोटिशीची वाट न पाहता आपल्या प्रभागातील खुल्या जागांची आणि आरक्षणांची यादी महापालिकेकडे लेखी मागावी. ती यादी मिळाली की कोणती जागा अजून शिल्लक आहे आणि कोणती गेली, हे पाहण्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडणार नाही.